‘सेट’ : बसवणे आणि लावणे

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती. अर्थ चारशे तीसहून अधिक! ते पाठ करण्याची गरज नाही, कारण मराठीत त्याची किल्ली आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. ही केवळ सोयीची तुलना नव्हे. ‘सेट’ हे मुळात ‘सिट’चं प्रयोजक रूपच आहे, आणि संसद, परिषद, उपनिषद या शब्दांतला ‘सद्’ धातू त्याच कुळातला.

म्हणून डॉक्टर हाड ‘सेट’ करतात तेव्हा आपण हाड बसवलं म्हणतो. सोनार अंगठीत खडा ‘सेट’ करतो तेव्हा खडा बसवला म्हणतो. जिथे ‘बसवणे’ पुरत नाही तिथे बहुतेकदा ‘लावणे’ चालतं: गजर लावणे, घड्याळ लावणे, सापळा लावणे, आग लावणे, कवितेला चाल लावणे. या प्रत्येकाला इंग्रजीत ‘सेट’ आहे. अक्षरांचे खिळे जुळवून मजकूर छापण्याच्या काळात मात्र मराठीने ‘जुळवणे’ पसंत केलं आणि ते करणाऱ्याला जुळारी म्हटलं. फार नेमका शब्द आहे तो.

चुका होतात त्या दोन ठिकाणी. ‘सेट’ची तिन्ही रूपं सारखीच, ‘सेटेड’ असं काही नाही. त्यामुळे ‘शी सेट द टेबल’ हे वाक्य भूतकाळी. वर्तमानात ‘सेट्स’ हवं. दुसरं, बसवायला काहीतरी लागतं, म्हणून या क्रियापदाला सहसा कर्म असतं. सूर्य, जेली आणि सिमेंट हे ठळक अपवाद, ते आपणहून ‘सेट’ होतात.

सिमेंटचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे शब्दाची गफलत महागात पडते. साध्या पोर्टलंड सिमेंटला भारतीय मानकानुसार सुरुवातीचं ‘सेटिंग’ ३० मिनिटांच्या आत होऊन चालत नाही आणि शेवटचं ६०० मिनिटांच्या आत व्हावं लागतं. पण ‘सेट’ होणं म्हणजे लगद्याचा मऊपणा जाऊन तो आकार धरणं. ताकद येणं नव्हे. ताकद पुढे वाढत राहते, म्हणून काँक्रीटची चाचणी २८ दिवसांनी घेतात आणि सुरुवातीचे किमान सात दिवस पाणी मारणं गरजेचं असतं. आकार धरू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून कालवला, तर जुळू लागलेली बांधणी मोडते आणि काम कायमचं कच्चं राहतं.

‘सेट’नंतर ‘असाइड’, ‘ऑफ’ असा छोटा शब्द लागला की अर्थ पार फिरतो. पैसे ‘सेट असाइड’ केले म्हणजे बाजूला काढून ठेवले. न्यायालयाने आदेश ‘सेट असाइड’ केला म्हणजे तो रद्द केला. ‘आदेश बाजूला ठेवला’ असं भाषांतर वाचलं की वाचकाला वाटतं, निर्णय नंतर व्हायचाय! ‘सेट ऑफ’चंही तसंच: प्रवासाला निघणे, फटाका उडवणे, आणि करविवरणपत्रात तोटा नफ्यातून वळता करणे.

चहाचा सेट किंवा गणितातला संच यांतलं नाम मात्र वेगळ्या वाटेने आलंय: लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे पंथ, तिथून फ्रेंचमार्गे. नंतर ते क्रियापदात मिसळून गेलं. प्राध्यापकपदासाठीची ‘सेट’ परीक्षा या दोन्हींत बसत नाही, ती निव्वळ आद्याक्षरं आहेत.

‘मुलगा पुण्यात सेट झाला’ हे मराठीत चांगलं रुळलंय. इंग्रजीत तिथे ‘सेटल्ड’ म्हणावं लागतं. ‘आय अॅम सेट’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला एवढंच कळेल, की तुम्ही तयार आहात.