पॅनलवर रात्रीचे दोन वाजले होते

दुपारी एकला किराणा घेऊन मोटरहोमचं, म्हणजे आमच्या राहायच्या गाडीचं, दार उघडलं, तर आत नुसती भट्टी. आई खिडकीशी पदराने वारा घेत बसलेली. एसी बंद, जनरेटर गप्प. ॲरिझोनातला जून महिना!

बटण दाबलं तर जनरेटर लगेच सुरू झाला. म्हणजे बिघाड ऑटो-स्टार्टमध्ये, गरज पडली की जनरेटर आपोआप सुरू करणाऱ्या यंत्रणेत. फ्यूज पाहिले, वायरी हलवून पाहिल्या. तासभर काहीच सापडेना. शेजारच्या गाडीतले आजोबा आले, ऑटो-स्टार्टच्या पॅनलकडे बघून म्हणाले, "आत्ता किती वाजलेत?"

पॅनलवर २:०० एएम.

गेल्या आठवड्यात बॅटऱ्या बदलल्यावर घड्याळ मीच लावलं होतं, एएम-पीएम न बघता. रात्री १० ते सकाळी ६ शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून जनरेटर सुरूच होत नाही, तसं सेटिंग आहे. त्याच्या लेखी भर दुपारी मध्यरात्र होती.

आईला विचारलं, फोन का नाही केलास? "तू म्हणाला होतास ना, आपोआप सुरू होईल. म्हटलं, होईल आता."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. मी सांगितलं म्हणून ती उकाड्यात वाट बघत बसली.

आतलं तापमान वाढलं की फोनवर कळवणारा चांगला अलार्म कुणी वापरता का?