पांढऱ्या सूर्यफुलांचा मांडव

डेकोरेटर टेम्पो घेऊन बांधावर आले तेव्हा मी ‘प्रोकट व्हाइट नाइट’ या पांढऱ्या सूर्यफुलाच्या वाफ्यात काढणी करत होते. मावळात फेब्रुवारीत ऊन लवकर तापतं, म्हणून उजाडताच सुरुवात केली होती. पहिली बादली पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“ताई, पांढरी सांगितली होती. ही तर पिवळट आहेत. उद्याचा सगळा मांडव मोतिया आणि पिस्ता रंगात आहे.”

ते खोटं बोलत नव्हते. हे वाण उमलतं तेव्हा पाकळीवर व्हॅनिला आइस्क्रीमसारखी छटा असते. फूल जसं मुरतं तशी ती उडत जाते आणि पाकळी जवळजवळ पांढरी होते. एरवी पाकळ्या मधल्या चकतीपासून नुकत्या सुटल्या की मी दांडा कापते, कारण तसं फूल पाण्यात आठवडाभर टिकतं. पण त्या अवस्थेत ते पांढरं नसतंच. त्यांनी फोटो पाहिला होता तो मुरलेल्या फुलाचा.

मी त्यांना आधीच्या टोकणीच्या वाफ्याकडे नेलं. मी एकदम सगळं बी कधीच लावत नाही, आठवड्याच्या अंतराने लावते. तिथली फुलं दोन-तीन दिवसांपूर्वी उघडलेली, मध्ये काळी चकती, भोवती हवा तोच रंग. पूर्ण उमललेलं फूल कमी टिकतं, पण मांडवाला एकच दिवस हवा होता. प्रश्न होता संख्येचा. या वाणाला एका झाडाला एकच दांडा, एकच फूल. शेंडा खुडून फुटवे काढता येत नाहीत. जी उभी होती तेवढीच.

तेवढ्यात त्यांची नजर वाटेकडेच्या ‘इटालियन व्हाइट’ या दुसऱ्या वाणावर गेली. फांद्याफांद्यांना सायीच्या रंगाची लहान फुलं लगडलेली. ती मी वाटेच्या पश्चिम कडेला लावते. सूर्यामागे फिरते ती कोवळी कळी. उमललेलं फूल पूर्वेकडे तोंड करून थांबतं, म्हणून वाटेने येणाऱ्याला सगळी तोंडं दिसतात.

“हीच द्या ना!”

मी त्यांचा पांढरा रुमाल मागून घेतला आणि त्यावर एक फूल झटकलं. पिवळी भुकटी पडली. मग ‘व्हाइट नाइट’ झटकलं. काहीच नाही, कारण त्या वाणाला परागच धरत नाहीत. “नवरीच्या शालूवर हे पडलं तर?” असं विचारल्यावर ते गप्प झाले. ती फुलं मधमाश्यांची, तिथेच बरी.

मग आम्ही दोघांनी बसून वाटणी केली. मुरलेली पांढरी फुलं बोहल्याच्या समोर, डोळ्यांच्या उंचीला. उमलती व्हॅनिला छटेची खाली, मोतिया कापडालगत, तिथे ती खुलून दिसणार होती. खालची पानं काढून स्वच्छ बादल्यांत भरपूर पाणी घातलं. सूर्यफूल पाणी फार पितं आणि दांड्याने पाणी लवकर नासतं. रात्री त्यांनी मांडवाचे फोटो पाठवले. पांढरा आणि व्हॅनिला शेजारी इतके शोभतील असं मलाही वाटलं नव्हतं.

आता ऑर्डर घेताना मी आधी मांडवाची तारीख विचारते आणि मग रंग: उमलता की मुरलेला. उमलता हवा तर टोकणी ५० ते ६० दिवस आधी, मुरलेला हवा तर आणखी तीन-चार दिवस मागे. थंडीत वाढ रेंगाळते, तेव्हा त्याहून थोडी आधी.