जिप्सीच्या मागचा 'ठक्' : छडा लागला

माझ्या मारुती जिप्सीच्या मागच्या पाट्यांमधून (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांमधून) येणाऱ्या आवाजाचा एकदाचा छडा लागला. उंच केलेल्या गाडीत असा आवाज येत असेल तर तो अंगावर काढू नका, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी गाडीची कुंडली. जिप्सी किंग, १२९८ सीसी, एमपीएफआय (इंजेक्शनवालं पेट्रोल इंजिन). कंपनीतून येताना जिप्सीचे चारही पाटे हाऊसिंगच्या, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी नळीच्या, खालून बांधलेले असायचे. या गाडीत ते हाऊसिंगच्या वर घेतलेत. त्यासाठी हाऊसिंगच्या नळीवर नव्या बैठका वेल्ड केल्या आणि गाडी साधारण ५ इंच उचलली गेली. टायर २०५/७० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५. त्याने टायरचा व्यास ६५ मिमी वाढतो, म्हणजे उंचीत आणखी ३२-३३ मिमीची भर. शॉकअप लांब घातलेत, मागचे शॅकल (पाट्याचं मागचं टोक चेसीला जोडणाऱ्या हलत्या कड्या) मूळ मापाचेच आहेत.

आवाज कसा होता? एकच 'ठक्'. जड, लोखंडावर लोखंड आदळल्यासारखा. पार्किंगमधून रिव्हर्स घेऊन पहिला गिअर टाकला की एकदा. पुन्हा रिव्हर्स टाकला की परत एकदा. ताम्हिणीच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की हलका, परत दाबला की हलका. फोर लो मध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सर्वांत ताकदीच्या गिअरमध्ये) चढावर तर पायाखालच्या पत्र्याला जाणवेल इतका.

आणि खडबडीत रस्त्यावर? काहीच नाही. मुळशीच्या पलीकडे खडीच्या रस्त्यावर गाडी तासभर आपटत नेली तरी मागून हूं की चूं नाही.

सगळ्या प्रकरणात हीच खूण सर्वांत मोलाची होती. शॉकअपचा बुश (टोकाचं रबर) गेला असेल, शॅकल सैल असेल, सायलेन्सर चेसीला घासत असेल किंवा स्टेपनीचा ब्रॅकेट हलत असेल, तर खड्ड्यात आवाज यायलाच हवा. इथे पाटे वरखाली होताना शांत होते आणि इंजिनाचा जोर उलटसुलट झाला की बोलत होते. म्हणजे शोध उसळीचा नव्हता, पिळाचा होता. तरीही शॉकअपचे चारही बुश काढून पाहिले, सायलेन्सरचे रबर बदलले, स्टेपनी उतरवून गाडी फिरवली. फरक शून्य.

पिळाची बाजू धरल्यावर पहिला संशय शाफ्टवर, म्हणजे इंजिनाचा जोर मागच्या हाऊसिंगपर्यंत नेणाऱ्या फिरत्या दांड्यावर. गाडी सपाटीवर उभी केली, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावले, गिअर न्यूट्रलला टाकला आणि मागचा शाफ्ट हाताने फिरवून दोन्ही क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळते सांधे) तपासले. क्रॉसमध्ये खेळ नव्हता. डिफरन्शियलमध्ये दातांचा थोडा खेळ लागला, पण तेवढा असायचाच. त्याचा आवाज बारीक, आतून येणारा 'टिक्' असतो, त्याची या 'ठक्'शी गल्लत होत नाही. शाफ्टचा सरकता जोड कोरडा पडला की गाडी सुटताना किंवा थांबताना असाच एकेरी ठोका देतो, म्हणून तिथे ग्रीस भरलं. आवाज तसाच.

मग ब्रेकचे लायनर. ड्रममधले लायनर दिशा बदलली की आपल्या जागी सरकून एकदा वाजू शकतात. पण ब्रेकला पाय न लावता, नुसता ॲक्सिलरेटर सोडून-दाबूनही आवाज येत होता. लायनर बाद.

आवाज उजवीकडून येतोय असं गाडीत बसलेल्या प्रत्येकाचं ठाम मत होतं, माझंही. चेसी हा सगळा लोखंडाचा सांगाडा, आवाज एका टोकाला होतो आणि कानाला भलत्याच टोकाला ऐकू येतो. त्यामुळे कानावर विसंबायचं सोडून डोळ्यांना कामाला लावलं. मोबाइल झिप टायने चेसीला बांधला, कॅमेरा पाट्याखालच्या बैठकीकडे, स्लो मोशन चालू. मित्र पुढे-मागे, पुढे-मागे करत राहिला. उजवी बैठक दगडासारखी स्थिर. डावीकडच्या व्हिडिओत मात्र रिव्हर्समधून पहिल्या गिअरमध्ये जाताना पाट्याच्या आणि बैठकीच्या सांध्यावर वाळलेला चिखल टिचला आणि एक खपली उडाली. हाऊसिंगला पीळ पडताना दिसतोच, तो दोन्ही बाजूंना होता. पण खपली उडाली ती फक्त डावीकडे.

हा सांधा आधी कुणाच्या नजरेत का भरला नाही, तेही सांगतो. दोन लोखंडी पृष्ठभाग दाबाखाली एकमेकांवर बारीक घासले की सांध्यातून तांबूस भुकटी बाहेर येते. अनुभवी मिस्त्री ती बघूनच सैल जोड ओळखतो. पण ही गाडी सारखी कोकणात उतरते आणि तिथली लाल माती चेसीच्या फटीफटीत बसलेली असते. त्या मातीत ही भुकटी काय वेगळी दिसणार? खालून प्रेशरने धुऊन गाडी फक्त पुण्यातल्या डांबरी रस्त्यांवर चालवली. काही दिवसांनी बघतो तर उजवा सांधा स्वच्छ, डाव्या सांध्याच्या कडेला पुन्हा लालसर रेघ.

आता पांढऱ्या ऑइल पेंटची खूण. पाट्यांच्या थप्पीवरून बैठकीपर्यंत सरळ उभी रेघ ओढली, वाळू दिली, थोडं पुढे-मागे केलं. रेघ बैठकीपाशी तुटली होती. वरचा तुकडा पुढे, खालचा मागे, मध्ये दोनेक मिलिमीटरची पायरी. जोडीला टेप लावून पाट्याच्या पुढच्या टोकाच्या पिनपासून हाऊसिंगच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजलं. डावीकडचं माप उजवीशी जुळत नव्हतं.

म्हणजे पाटा आणि हाऊसिंग एकत्र आवळणारे यू-बोल्ट सैल, असंच कुणीही म्हणेल. पण ते सैल नव्हते! टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की क्लिक करणारा पाना) लावला की चारही नटांवर लगेच क्लिक व्हायचं, नट तसूभर हलायचा नाही. इथेच घोडं अडलं होतं.

कोडं सोडवलं ते आमच्या भागातल्या जुन्या पाटेवाल्या काकांनी. ट्रकचे पाटे बांधण्यात त्यांची हयात गेली आहे.

"यू-बोल्ट बघितले का?"

"बघितले काका. रेंच लावला, चारही नट टाइट आहेत."

"रेंच वाजला म्हणजे नट कुठेतरी अडकला. पाट्यावर अडकला की आट्यांवर, ते बघितलंत का?"

ते खाली वाकले, तारेच्या ब्रशने नटाभोवतीचा चिखल झाडला आणि टॉर्चचा झोत यू-बोल्टची प्लेट आणि नट यांच्यामधल्या फटीत धरला. बोल्टचे आटे जिथे संपतात आणि गुळगुळीत गज सुरू होतो, नेमका तिथे नट येऊन ठेपला होता. तिथून पुढे तो जाणारच नाही. रेंचला हे घट्ट लागतं, पण तो सगळा जोर गजावर खर्च होतो, पाट्यांना दाब मिळतच नाही. गाडी उंच करताना लावलेले यू-बोल्ट गरजेपेक्षा लांब होते आणि त्यांचे आटे आखूड पाडलेले होते.

मग सुरुवातीला आवाज का नव्हता? बैठका वेल्ड केल्यावर त्यांना जाड रंग दिला होता. पाटा त्या रंगावर बसला होता, तेव्हा नट आणि प्लेट यांचं जेमतेम जुळलं होतं. पुढे रंग चिरडला गेला, थप्पी थोडी दबली, दाब संपला आणि नटाला पुढे जायला जागाच उरली नाही.

खात्री करायला काकांनी चारही नट काढून खाली जाड वॉशर घातले आणि परत आवळले. नट आता चांगले दीड-दोन फेरे जास्त फिरले. गाडी बाहेर काढली, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स, पहिला. आवाज गायब! हे फक्त निदानापुरतं, वॉशरची चळत लावून गाडी डोंगरात न्यायची नाही, असं काकांनी बजावलं आणि मलाही ते शंभर टक्के पटतं.

डावी बाजू पूर्ण खोलली. पाट्यांची थप्पी एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं बैठकीच्या भोकात बसतं आणि हाऊसिंग पुढे-मागे सरकू देत नाही. पण तो बोल्ट जागा धरायला असतो, भार घ्यायला नाही. भार घ्यायचा तो यू-बोल्टच्या दाबाने. इथे दाब नसल्याने सगळे धक्के त्या डोक्यावर बसत होते. भोक लांबट झालं होतं, डोक्याची एक कड आरशासारखी चकचकीत, दुसरीवर गंज. बोल्टच्या मानेला बोटाने चाचपलं तर झिजून पडलेली खाच नखाला लागत होती. हा बोल्ट तुटला असता तर डावं चाक मागे सरकून गाडी मागच्या बाजूने भलतीकडे वळली असती. घाटातल्या वळणावर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही.

पाटे वर घेतले की असा सांधा जास्त सोसतो. टायर जमिनीला जोर लावतो तिथपासून पाट्यापर्यंतची उंची वाढते, त्यात टायर मोठा, त्यामुळे हाऊसिंगला फिरवणारा पीळ वाढतो. फोर लो मध्ये तो आणखी जास्त. म्हणून आवाज तिथे सर्वांत मोठा यायचा.

केलेलं काम असं: बैठकीचं भोक वेल्डने भरून डोक्याच्या मापाला घट्ट बसेल असं पुन्हा पाडलं. बैठकीचा आणि पाट्याचा रंग सांध्यापुरता खरवडून लोखंडाला लोखंड भिडवलं. सेंटर बोल्ट नवे, यू-बोल्ट नवे, दोन्ही बाजूंचे. जुने यू-बोल्ट आवळून ताणलेले असतात, ते परत वापरायचे नाहीत. नवे बनवून घेताना थप्पी, नळी आणि प्लेट यांची एकत्र जाडी मोजून नेली आणि आटे इतके वरपर्यंत पाडून घेतले की नट पूर्ण आवळल्यावरही प्लेटच्या आत आटे शिल्लक राहतात. नट तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळले, शेवटचा टॉर्क गाडी चाकांवर उभी करून दिला.

थोडं चालवून पुन्हा टॉर्क दिला तेव्हा दोन नट किंचित फिरले. नवीन जोड बसताना एवढं होतंच. पांढरी रेघ नव्याने ओढली आहे, अजून अखंड आहे. 'ठक्' पूर्ण बंद.

तो बंद झाल्यावर आता मागच्या उजव्या शॅकलमधून पीळ पडताना रबराची बारीक कुरकुर ऐकू येतेय, इतके दिवस ती त्याच्याखाली दडली होती. बुश मागवलेत. बसवताना शॅकलचे बोल्टही चाकं जमिनीवर टेकवूनच आवळणार, कारण चाकं लटकत असताना आवळले की गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. दरम्यान कुणी पाटे वर घेतलेल्या जिप्सीत मागे पीळ रोखणारा दांडा बसवला असेल, तर त्याचं चेसीकडचं टोक कुठे धरलं आणि पाट्यांची हालचाल अडते का, ते जरूर सांगा. पुढचं काम तेच घ्यायचा विचार आहे.