अ‍ॅम्ब्युलन्स उभी केली की झालं ना, मॅडम?

गणपतीच्या आधी महिनाभर आणि पुन्हा डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे स्नेहसंमेलनं, जत्रा आणि मॅरेथॉनच्या दिवसांत, माझ्यासारख्या डॉक्टरचा फोन या एकाच प्रश्नासाठी वाजत असतो. "मॅडम, चार-पाच हजार लोक येतील. परवानगीच्या पत्रात लिहिलंय, वैद्यकीय व्यवस्था आयोजकांनी करावी. एक अ‍ॅम्ब्युलन्स उभी केली की झालं ना?" विचारणारा कधी मंडळाचा कार्यकर्ता असतो, कधी शाळेचे क्रीडाशिक्षक, कधी एखाद्या पुढाऱ्याचा स्वीय सहायक. आजवर प्रत्येकाला फोनवर घाईघाईत काहीतरी सांगत आले. तुम्हीही तेच विचारलंत म्हणून आज नीट बसून लिहिते.

नाही, तेवढ्याने होत नाही.

अ‍ॅम्ब्युलन्स माणसाला नेण्यासाठी असते. माणूस जिथे कोसळतो तिथून तिच्या दारापर्यंत पोचायला जी मिनिटं लागतात, त्या मिनिटांत त्याच्यापाशी कोण असेल आणि त्या माणसाच्या हातात काय असेल, हे आधी ठरवावं लागतं. हृदय बंद पडल्यावर छाती दाबायला कुणी नसेल, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांनी कमी होते. आणि भरलेल्या मैदानातून स्ट्रेचर बाहेर काढायला आठ-दहा मिनिटं सहज जातात. या दोन आकड्यांचा हिशेब करून बघा.

मी तो एकदा डोळ्यांसमोर पाहिला आहे. पंधरा-सोळा वर्षं झाली. तालुक्याच्या गावी मोठा मेळावा होता आणि मी मदतीला म्हणून गेले होते. अ‍ॅम्ब्युलन्स स्टेजमागे उभी होती. तिच्यामागे पाहुण्यांच्या गाड्या एकीला एक चिकटून लागल्या होत्या. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला पन्नाशीच्या एक बाई कोसळल्या. भाषण चालू होतं, त्यामुळे निरोप माणसामाणसांतून सरकत माझ्यापर्यंत आला. मी पळत पोचले तेव्हा कुणीतरी कांदा फोडून त्यांच्या नाकाशी धरला होता, दुसरं कुणी तोंडावर पाणी मारत होतं. नाडी नव्हती. मी छाती दाबायला सुरुवात केली. थोड्या वेळाने ऑक्सिजनचं सिलिंडर खांद्यावरून आलं, पण ते उघडायचा पाना गाडीत नव्हता. ड्रायव्हर जेवायला गेला होता. त्या बाई वाचल्या असत्या की नाही, ते मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांच्यासाठी जे करता आलं असतं त्यातलं बरंचसं झालं नाही, एवढं मात्र मला ठाऊक आहे. आणि त्या दिवशीच्या फाइलीत 'वैद्यकीय व्यवस्था' या रकान्यापुढे बरोबरची खूण होती.

तेव्हापासून 'अ‍ॅम्ब्युलन्स आहे' असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुठली? आपल्याकडे ओम्नीवर दिवा बसवला तरी तिला अ‍ॅम्ब्युलन्सच म्हणतात. वाहनांच्या राष्ट्रीय मानकांत चार प्रकार सांगितले आहेत. पहिला म्हणजे आधी धावून जाणारं वाहन, मोटारसायकलसारखं. दुसरा नुसती ने-आण करणारी गाडी. तिसरी प्राथमिक जीवरक्षणाची आणि चौथी प्रगत जीवरक्षणाची, जिच्यात मॉनिटर, डिफिब्रिलेटर म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र वगैरे असतं. तुम्ही भाड्याने ठरवलेली गाडी बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची निघते, आणि पैसे मात्र चौथीचे मोजलेले असतात. गाडी आली की तिचं मागचं दार उघडायला लावा. सिलिंडरचा काटा बघा, पाना बघा, घशातली उलटी-लाळ ओढून काढणारं सक्शन मशीन चालू करून बघा. यात संकोच कसला? स्वयंपाकाचा गॅस आला की आपण सील बघतोच की.

आणि १०८ला फोन करून 'आमच्या कार्यक्रमाला एक गाडी उभी करा' असं सुचवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. २०१४मध्ये ही सेवा सुरू झाली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रासाठी ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या प्रगत फक्त २३३. त्यातली एक दिवसभर तुमच्या मंडपाशेजारी उभी राहिली, तर त्या भागातल्या बाळंतिणीने आणि अपघातातल्या पोराने कुणाची वाट बघायची? वारी, कुंभ, मोठ्या यात्रा यांची गोष्ट वेगळी, तिथे सरकार स्वतः वाढीव व्यवस्था लावतं. खासगी कार्यक्रमाने आपली सोय आपण करावी.

आता उन्हाचं. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसं भर दुपारी उघड्यावर बसली होती. उष्माघाताने १४ जण गेले. त्यानंतर उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर कार्यक्रम घ्यायचे नाहीत, असं सरकारी पातळीवर बोललं गेलं. मला त्यावर एवढंच म्हणायचं आहे की घड्याळ हे सगळ्यात स्वस्त औषध आहे. मुंबईची मोठी मॅरेथॉन जानेवारीत आणि पहाटे सुरू होते, त्यामागे हेच आहे. तुमचा कार्यक्रम संध्याकाळी सहाला हलवता येत असेल, तर माझं निम्मं काम तुम्हीच केलंत.

हलवता येत नसेल, तर सगळ्यात आधी मला शौचालयं दाखवा. आयोजक गोंधळतात, डॉक्टरबाईंना शौचालयांशी काय करायचंय? सांगते. खेड्यापाड्यांतून ट्रकने, एसटीने आलेल्या बाया सकाळपासून पाणी पीत नाहीत. तहान नसते असं नाही. जायला जागा नसते, म्हणून पीत नाहीत. टँकर भरलेला असतो, ग्लास मांडलेले असतात, 'पाणी घ्या ताई' म्हणत स्वयंसेवक फिरतात, आणि बाई मान हलवून नाही म्हणते. दुपारी तीच माझ्या तंबूत चक्कर येऊन आडवी असते. बायांसाठी आडोशाची, पाण्याची आणि दिव्याची पुरेशी शौचालयं हा माझ्या यादीतला पहिला वैद्यकीय मुद्दा आहे, सलाइनच्याही आधीचा.

उष्माघातात आणखी एक चूक सर्रास होते. माणूस बरळायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, की त्याला उचलून गाडीत घालायचं आणि तासाभराच्या अंतरावरच्या इस्पितळाकडे पळायचं. धावण्याच्या शर्यतीत कोसळलेल्या तरुण पोराच्या बाबतीत तर हे फार महागात पडतं. जगभरात आता क्रम ठरलेला आहे: आधी थंड करा, मग हलवा. अर्ध्या तासाच्या आत शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या बरंच खाली आलं, तर मेंदू, यकृत, मूत्रपिंडं वाचतात. त्यासाठी फार मोठं यंत्र लागत नाही. एक जाड ताडपत्री, तिच्या कडा उचलून धरायला सहा जण, पाणी आणि फोडलेला बर्फ. माणूस मध्ये झोपवायचा आणि ताडपत्री झोळीसारखी हलवत राहायची. बर्फाच्या कारखान्यातून निळसर लाद्या आल्या तर घाबरू नका. खाण्याचा नसलेला बर्फ ओळखता यावा म्हणून त्यात रंग घालण्याचा नियम २०१८पासून आहे. अंगाला लावायला तो चालतो, फक्त शेजारच्या सरबताच्या पिंपात जाऊ देऊ नका. आणि तापमान काखेत थर्मामीटर ठेवून मोजू नका, कोसळलेल्या धावपटूची काख फसवते. गुदद्वारातून मोजावं लागतं, म्हणून तंबूला पडदा हवा.

कायद्याबद्दल तुम्ही विचारता, तर खरं सांगायचं म्हणजे आपल्याकडे त्याचा धागा तुटक तुटक आहे. परवानगी पोलिसांची, मंडपाची महापालिकेची, आगीबद्दल अग्निशमन दलाची. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४मध्ये गर्दीच्या व्यवस्थापनावर चांगली मार्गदर्शिका काढली, पण मार्गदर्शिका म्हणजे सक्ती नव्हे. तंबूत वापरलेल्या सुया आणि रक्ताळलेला कापूस कुठे टाकायचा, याला मात्र जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६चे नियम आहेत, आणि त्यांत आरोग्य शिबिरंही येतात. म्हणजे सुई कुठे टाकायची हे नियमात आहे, पण ती टोचणारा माणूस किती शिकलेला हवा आणि पाच हजार लोकांमागे असे किती हवेत, हे परवानगीच्या पत्रात मी कधी वाचलेलं नाही. तिथे एक ओळ असते, आणि ती ओळ एका गाडीने पुरी होते.

मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ला काळूबाईच्या यात्रेत जवळपास तीनशे माणसं गेली. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, पेटलेली दुकानं. चौकशी आयोग बसला. त्या डोंगरावर एखादं मोठं इस्पितळ असतं तरी चेंगरलेल्या माणसांपर्यंत कोण पोचणार होतं? वाटेची रुंदी हीसुद्धा आमच्या विषयातलीच गोष्ट आहे. म्हणून मंडपाचा नकाशा ठरताना डॉक्टरला बोलवा. मंडप उभा राहिल्यावर बोलावून उपयोग नाही.

ब्रिटनमध्ये १९८९ला हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावर चेंगराचेंगरी झाली, पुढे मृतांचा आकडा ९७वर गेला. त्यानंतर मैदानांचे नियम कडक झाले. प्रेक्षक दोन हजारांहून जास्त असतील तर गर्दीसाठी प्रशिक्षित डॉक्टर हवा, पहिल्या दहा हजारांपर्यंत दर हजारी एक प्रथमोपचारक हवा, असं तिथे लिहिलेलं आहे. तरीही २०१७ला मँचेस्टरच्या सभागृहात बॉम्बस्फोटात २२ जण गेले, तेव्हा चौकशीत दिसलं की सभागृह चालवणाऱ्या कंपनीने नेमलेली वैद्यकीय मदत अपुरी होती आणि कार्यक्रमाच्या जागी उपचार देणाऱ्यांवर आरोग्य नियामकाची देखरेखच नव्हती. ती सूट काढून टाका, अशी शिफारस झाली. हे मुद्दाम सांगते, कारण 'परदेशात सगळं चोख असतं' हा समज खोटा आहे. त्यांनाही माणसं गमावूनच शिकावं लागलं. पण प्रत्येक वेळी त्यांनी ते पुढच्यासाठी लिहून ठेवलं.

आकडे उचलून आणण्याआधी आपली गर्दी ओळखावी लागते. कीर्तनाला बसलेले हजार ज्येष्ठ आणि दहीहंडीला जमलेली हजार पोरं यांना एकच फूटपट्टी लावता येत नाही. कीर्तनात मला छातीत कळ, साखर उतरणं आणि चक्कर अपेक्षित असते. दहीहंडीत मान आणि पाठीचा कणा. १४ वर्षांखालच्या मुलांना थरावर चढवायला मनाई आहे, पथकांचा विमा निघतो, हेल्मेटं आली, हे सगळं चांगलंच झालं. पण वरच्या थरावरून पडलेल्या गोविंदाला त्याचे मित्र अजूनही हातापायांना धरून उचलतात आणि खांद्यावर टाकून पळतात. प्रेमापोटीच करतात. मणका मोडलेला असेल तर तेवढ्याने पोराचे पाय कायमचे जाऊ शकतात. प्रत्येक पथकातल्या चार जणांना तरी डोकं-मान स्थिर धरून फळीवर घ्यायला शिकवा. तासाभराचं काम आहे, मी स्वतः येऊन शिकवते, सराव चालू असतो त्याच मैदानावर.

आणि जागेला पत्ता द्या. हे मी वारीत शिकले. दिवे घाटाखाली आमचा तंबू असतो. लाखांच्या गर्दीत कुणी धापा टाकत येऊन सांगतो, "रथामागं, बारा नंबरची दिंडी, माळकरी बाबा पडलेत," आणि आमची पोरं नेमकी तिथे पोचतात. रथापुढे, रथामागे आणि दिंडीचा नंबर, एवढ्यात चालत्या समुद्राला पत्ता मिळालेला आहे. तुमच्या मैदानावरच्या विजेच्या खांबांना नुसते मोठे आकडे रंगवले, तरी 'तिकडे त्या झाडापाशी' म्हणत जाणारी तीन मिनिटं वाचतील.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड जातो. कार्यक्रम थांबवायचा अधिकार कुणाचा? ऊन चढलं, माझ्या तंबूत एकाच वेळी दहा माणसं आडवी झाली, अकरावं येतंय, तर मी कुणाला सांगू? स्टेजवर पाहुणे बोलत असतात आणि आयोजक मला हाताने 'पाच मिनिटं' खुणावत असतो. म्हणून आता मी आधीच लेखी घेते: वैद्यकीय प्रमुखाने सांगितलं की माइक थांबेल, तो कुणी थांबवायचा त्याचं नाव, त्याचा नंबर. ज्यांना हे मान्य नसतं, त्यांच्या कार्यक्रमाला मी जात नाही. यावरून दोन-तीन जणांशी वाईटपणा आला आहे, तो मी पत्करला.

परवा एका मंडळाच्या मुलाचा फोन आला. नेहमीचाच प्रश्न. मी त्याला म्हटलं, "असं कर, मित्राला मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात झोपव. चौघांनी त्याला उचलून गाडी उभी राहणार तिथपर्यंत न्या आणि घड्याळ लाव. मैदान रिकामं असताना." संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन.

"मॅडम, सहा मिनिटं लागली. गर्दी नसताना."

"मधे काय आडवं आलं?"

"व्हीआयपींची बॅरिकेडं. आणि मागचं गेट बंद होतं, चावी वॉचमनकडे."

"मग?"

"चावी घेतलीय. बॅरिकेडवाल्याशी उद्या बोलतो. तुम्ही याल का एकदा, बघायला?"

रविवारी सकाळी जाणार आहे.