कर्नलकाकांचं पान

गणपतीत गावी गेलं की दोन गोष्टी ठरलेल्या, एक म्हणजे लाईट जाणार आणि दुसरी म्हणजे मुंबईहून आलेला कोणीतरी चाकरमानी मला कामाला लावणार. यंदा चुलतभाऊ होता. आरती झाली, मोदक संपले, पडवीत सगळे पाय पसरून बसलेले, आणि हा म्हणतो, "तू ते विकिपीडियावर लिहितोस ना, मग आपल्या कर्नलकाकांचं पान का नाही अजून? मेडलं बघ किती आहेत!" काका समोरच झोपाळ्यावर, ऐकू न आल्यासारखं करत बसलेले. मी आपला हो म्हणून मोकळा झालो, काकांसमोर नाही कसं म्हणणार.

दुसऱ्या दिवशी मेडलांची पेटी मागून घेतली आणि एकेक बघत बसलो. नऊ वर्षं सेवेचं, वीस वर्षं सेवेचं, १९७१ च्या युद्धाचं संग्राम मेडल, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा १९७२ ला दिलेलं एक. आता यांना कमी लेखत नाहीये मी, पण ही मेडलं त्या त्या काळात नोकरीत असलेल्या जवळजवळ सगळ्यांना मिळतात, लग्नात आहेराची पाकिटं मिळतात तशी. (हे वाक्य काकांना वाचून दाखवू नका.) खरं शौर्याचं एकच, सेना मेडल. ते काही गंमत म्हणून देत नाहीत, पण परमवीर, महावीर, वीर चक्र, अशोक, कीर्ती, शौर्य हे सगळे त्याच्या वरचे, आणि दर २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला सेना मेडलवाल्यांची लांबलचक यादी निघते.

इंग्रजी विकिपीडियावर लष्करी लेख लिहिणाऱ्या मंडळींचा आधी एक ठोकताळा होता, की देशातला सर्वोच्च शौर्य पुरस्कार मिळाला असेल किंवा माणूस जनरल, अॅडमिरल या पातळीचा असेल तर तो उल्लेखनीय, म्हणजे स्वतंत्र पान करण्याजोगा, धरून चालायचं. २०२१ मध्ये तो ठोकताळा त्यांनी स्वतःच मोडीत काढला. आता सरळ एकच प्रश्न विचारतात, या माणसाबद्दल त्याच्याशी संबंध नसलेल्या कोणी, भरवशाच्या ठिकाणी, सविस्तर लिहिलंय का? मेडल किती मोठं यापेक्षा त्याच्यावर कोणी किती लिहिलं, हे बघायचं.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे उलटंच वाटलं होतं, शौर्य त्या माणसाचं आणि मोजायचे दुसऱ्यांनी लिहिलेले कागद? पण आपल्याच किनाऱ्यावरची माणसं घेऊन बघा. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे यशवंत घाडगे. अधिकारी नव्हते, नाईक होते, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, वय फक्त २२, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. खाली कारवारजवळच्या चेंडियाचे रामा राघोबा राणे, एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबारात हटवले, तेव्हा सेकंड लेफ्टनंट होते, आणि जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले पहिले तेच. परमवीर चक्रं आजवर फक्त २१, त्यातली १४ मरणोत्तर, त्यामुळे राणेंवर भरपूर लिहिलं गेलंय, अंदमानातल्या एका बेटाला २०२३ ला त्यांचं नाव दिलं. आणि मग, आपल्या किनाऱ्यावरचे नव्हेत, पण नौदलाच्या खुकरी या युद्धनौकेचे कॅप्टन मुल्ला, त्यांना महावीर चक्र, म्हणजे सर्वोच्च नाही, पण ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ १८ अधिकारी आणि १७६ नाविकांसह बोट बुडाली आणि कॅप्टन बोटीबरोबर गेले यावर इतकं लिहिलं गेलंय की त्यांच्या पानावर वाद घालायचा प्रश्नच येत नाही.

काकांचं काय सापडलं? गॅझेटमधली एक ओळ, ती सरकारचीच. गावच्या स्मरणिकेत दोन पानं, ती आमच्या आत्याने लिहिलेली. सत्काराची बातमी एका स्थानिक पेपरात, मजकूर मंडळाने पाठवलेला तसाच छापलेला, "आपल्या गावचे सुपुत्र" वगैरे. आणि एक व्हॉट्सअॅप फॉरवर्ड ज्यात काकांना चक्क वीर चक्र देऊन टाकलंय. ते वाचून काका एवढे भडकले की बिनदुधाचा चहा पिऊन गेले.

खरं दुखणं इथे आहे. दापोलीला कॅम्प म्हणायचे ते उगाच नाही, इंग्रजांच्या काळापासून फौजेतून निवृत्त झालेली माणसं तिथे राहायची, खेड मंडणगडकडे घरटी एक तरी सुभेदार किंवा हवालदार निघतो. पण लिहून कोणी ठेवलं? फोटो भिंतीवर, पत्रं ट्रंकेत, ट्रंकेला वाळवी. आणि पावसाळे तुम्हाला माहितीच आहेत.

वर मी पुतण्या. म्हणजे पान केलं तरी चर्चापानावर पहिला माणूस विचारणार, हा तुमचा कोण? आणि ते बरोबरच आहे की. त्यामुळे ठरवलं, पान नाही. धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर, केलेला कच्चा मजकूर पण पुसला. पुढे कधी त्यांच्या बटालियनचा लेख झाला आणि कोणी छापील इतिहास काढला तर त्यात एक ओळ, तीसुद्धा दुसऱ्या कोणीतरी लिहिलेली बरी.

भाऊ रुसला. म्हणे तिकडे मालिकेत चार एपिसोड केलेल्या नटीचं पान आहे. आहे ना, तिच्यावर पेपरात छापून येतं, त्याला मी काय करू. (ते पान पण मी बघणार आहे एकदा.)

काकांना सांगायला गेलो तर ते हसले आणि म्हणाले, "मी कधी मागितलं होतं?" मग मीच म्हटलं, तुम्ही बोला, मी फोनवर रेकॉर्ड करतो, विकिपीडियाला चालणार नाही पण उद्या कोणी तुमच्या लढाईवर काम करणारा आला तर त्याला हे आणि पेटीतले कागद देता येतील. तारखा, जागा, सोबतच्या जवानांची नावं, सगळं बोला. काल पाऊण तास झाला, मागे कोंबडा ओरडतोय, काकी मधूनच तारखा दुरुस्त करतायत, आणि काका अजून डेहराडूनच्या ट्रेनिंगमधून बाहेरच पडलेले नाहीत.