जेवतानाचे मौन

साताऱ्यात आमच्या समोर राहणारे एक गृहस्थ दर गुरुवारी मौन पाळतात. परवा दुपारी ते गॅलरीत उभे राहून मला आभाळाकडे बोट दाखवू लागले. गुरुवार असल्यामुळे हे काहीतरी आध्यात्मिक असावे, अशा समजुतीने मीही वर पाहून हात जोडले. त्यांचे बोट अधिकच तावातावाने हलू लागले, आणि अखेर माझ्या मोबाइलवर संदेश आला : 'टाकी भरून वाहतेय.'

मौन पाळायचे तर खुणा नेमक्या हव्यात, हे ख्रिस्ती मठांना फार पूर्वी उमगले होते. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात हजार वर्षांपूर्वी साधूंनी खुणांची भाषाच तयार केली होती. मासा हवा असेल तर पाण्यात शेपटी हलते तसा हात हलवायचा. दूध हवे असेल तर करंगळी ओठांवर टेकवायची, कारण तान्हे मूल तसे चोखते. या खुणांच्या यादीची सुरुवातच खाण्याच्या पदार्थांपासून होते, हे वाचून मला त्या साधूंविषयी एकदम आपुलकी वाटली.

आमच्या आजोबांना मात्र एकच खूण पुरत असे. चित्राहुती घालून आपोशन घेतले, की पानावरून उठेपर्यंत ते शब्द काढत नसत. फक्त 'हूं' म्हणत. चढ्या स्वरातला 'हूं' म्हणजे ताक, लांबवलेला म्हणजे मीठ, आणि दोनदा तुटक म्हणजे भात पुरे. चुलीपुढे पाठमोरी बसलेली आजी मागे वळूनही न पाहता नेमका तोच पदार्थ उचलायची. आजोबांच्या मौनाचे पेठेत कौतुक होते. आजीच्या कानांचे कोणी केल्याचे मला आठवत नाही.

सहाव्या शतकात इटलीतल्या संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या 73 प्रकरणांपैकी मौनाच्या प्रकरणाचा गवगवा अधिक आहे. मला जेवणाचे आणि स्वयंपाकघराचे अशी दोन प्रकरणे अधिक आवडतात. जेवताना एकाने मोठ्याने वाचायचे, बाकीच्यांनी गप्प राहून ऐकायचे, आणि कोणालाही काही मागावे लागू नये इतके प्रत्येकाने दुसऱ्याच्या पानाकडे लक्ष ठेवायचे. तरी काही लागलेच तर तोंडाने न मागता खूण करायची. इथपर्यंत आजोबा बेनेडिक्टच्या जोडीने चालत आले असते. स्वयंपाकघराच्या प्रकरणात मात्र असे सांगितले आहे, की स्वयंपाकघरातली सेवा सर्वांनी आठवड्याच्या पाळीने करायची आणि पाळी संपवताना सगळ्यांचे पाय धुवायचे. तिथे ते नक्की थबकले असते.

अर्थात सगळ्या मठांचा रिवाज सारखा नाही. ब्रूनो यांनी 1084 साली आल्प्सच्या डोंगरांत सुरू केलेल्या कार्थुसियन परंपरेत प्रत्येक साधू आपल्या खोलीत एकटा राहतो, आणि त्याचे जेवण भिंतीतल्या छोट्या झरोक्यातून आत येते. ते आणून ठेवणारा बंधू वेगळा असतो. म्हणजे तिथेही कोणाची तरी आजी आहेच.

बेनेडिक्टच्या मठात रात्रीच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर कोणी बोलायचे नाही. मग अंधारातच उठल्यावर पहिले वाक्य येते ते स्तोत्रातले, आणि त्यात प्रभूने आपले ओठ उघडावेत एवढीच विनवणी असते. रात्री एकदा, दिवसा सात वेळा, अशी आठवडाभरात 150 स्तोत्रे म्हणून व्हायची. प्रार्थनेची वेळ झाली, की हातातले काम असेल तसे टाकून निघायचे, असा दंडक आहे. आजीने तसे केले असते तर तव्यावरची भाकरी करपली असती. तिचे स्तोत्र भाकरीच्या थापांवर चालायचे. मध्येच 'हूं' आला की ते थांबे, ताक वाढले जाई, आणि जिथे तुटले होते त्याच अक्षरापासून ते पुढे सुरू होई.

आजोबा गेल्यावर आजी आमच्याबरोबर जेवायला बसू लागली, तेव्हा आम्हांला कळले, की तिला जेवताना बोलायला फार आवडते. घास हातात धरून ती माहेरच्या गोष्टी सांगत राहायची, आणि आमची पाने संपली तरी तिचा पहिला भात तसाच असायचा.