सीटची उंची

गाडी आवारात शिरताना दिसली आणि मी हातातलं काम ठेवून बाहेर आलो. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, बुटकी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. बॉनेटमधून वर उचलले जाणारे हेडलाइट या मॉडेलच्या फक्त त्याच पिढीला होते. जुन्या गाड्या पारखून एक्स्चेंजला घेणं हे माझं रोजचं काम, पण दाराखालचा पत्रा अजिबात न गंजलेली अशी गाडी क्वचितच येते.

चालवणाऱ्या मॅडम चटकन उतरल्या. शेजारी बसलेल्या त्यांच्या वडिलांना मात्र उतरता येईना. त्यांनी एक पाय बाहेर टाकला, दाराची चौकट धरली, दोनदा जोर लावला आणि दोन्ही वेळा परत खाली बसले. शेवटी आम्ही दोघांनी धरून त्यांना उभं केलं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं.

"म्हणून बदलायचीय," मॅडम म्हणाल्या. त्यांचा हात अजून गाडीच्या टपावरच होता.

स्पोर्ट्स कार सोडणाऱ्या माणसाला ताकद कमी पडू द्यायची नाही, हा तोवरचा माझा हिशेब. मी त्यांना ३०० अश्वशक्तीची एसयूव्ही चालवायला दिली. त्यांच्या स्वतःच्या गाडीची ताकद जेमतेम ११५ च्या आसपास. दहा मिनिटांत त्या परत आल्या. "जोर भरपूर आहे. पण वळणावर पुढची चाकं काय करताहेत ते हाताला कळत नाही." काकांना तर त्या गाडीत अक्षरशः चढावं लागलं, तेही आधार घेऊन.

मग इलेक्ट्रिक. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, देते, त्यामुळे गाडी उसळलीच. बॅटरी तळाशी असल्यानं वळणावर झुकलीही नाही. मॅडम खूश दिसल्या. पण उताराच्या वळणाआधी ब्रेक दाबला तेव्हा दोन टनांहून जास्त वजन मागून रेटतंय असं त्यांना वाटलं, आणि त्या गप्प झाल्या.

तपासणीसाठी मी त्यांची गाडी घेऊन एक फेरी मारली, आणि खरी गोष्ट तिथं कळली. ही गाडी आहे जेमतेम एक टनाची. पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ सारखा भार, इंजिन पुढे, ढकलणारी चाकं मागची. १९८९ साली ती आली तेव्हा बनवणाऱ्यांनी डोळ्यांपुढे ठेवलेली कल्पना होती 'जिन्बा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. वजन दुप्पट झालं की तेच वळण त्याच वेगानं घ्यायला टायरांना दुप्पट पकड द्यावी लागते. मॅडमना हवा होता तो हलकेपणा, आणि मी त्यांना अश्वशक्तीचे आकडे दाखवत बसलो होतो. आमच्या धंद्यात आनंद या एकाच आकड्यानं मोजतात. ते चूक आहे, असं मला आता ठामपणे वाटतं.

परत आल्यावर मी टेप काढली. काकांना विचारलं, "घरी कुठून सहज उठता?"

"पलंगावरून. खुर्ची नको वाटते."

मॅडमनी घरी फोन करून पलंगाची उंची मोजून घेतली: ५८ सेंटिमीटर. आवारातल्या गाड्यांच्या सीट जमिनीपासून मोजत आम्ही फिरलो. सीट त्या उंचीला असली की माणसाला चढावंही लागत नाही, खाली बुडावंही लागत नाही; तो नुसता आडवा सरकतो. दाराखालचा उंबरठा रुंद असेल तर मात्र तीच सीट निरुपयोगी, कारण पाय जमिनीला टेकायच्या आधीच गुडघा ताणला जातो.

शेवटी उरली एक पाच दारांची हॅचबॅक. वजन सुमारे १,२०० किलो, गिअर हातानं टाकायचे, जोर पुढच्या चाकांना. मॅडमना मी मुद्दाम खड्ड्यांच्या, वळणांच्या रस्त्यावर पाठवलं. "ही ओढते, माझी ढकलायची," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "पण बोलते माझ्याशी." मोठ्या चाकांचं मॉडेल दिसायला देखणं होतं. मी लहान चाकांचं, जाड टायरचं सुचवलं. खड्ड्याचा धक्का काकांच्या गुडघ्यापर्यंत कमी पोचतो, चाकं हलकी असली तर स्टिअरिंगही मोकळं राहतं. त्यांनी तेच घेतलं.

निघताना काकांची सीट मॅडमनी लिव्हर ओढत सगळ्यात वर नेली. मग आपल्या बाजूला जाऊन स्वतःची सगळ्यात खाली घेतली.